शाळेतील बालसंरक्षण: मूल बोलण्याआधी, बोलताना आणि बोलल्यानंतर

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. प्रवेश, पाठ्यपुस्तकांचे वाटप आणि वर्गांची साफसफाई यांच्या गडबडीत मुलांच्या सुरक्षिततेची तयारी अनेक शाळांत परिपत्रकावर सही करण्यापुरतीच उरते. हा लेख नागपूर शहरातील आणि जिल्ह्यातील मुख्याध्यापक, शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक यांच्यासाठी लिहिला आहे. त्यात एकच आग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे: घटनेची चौकशी करणे हे शाळेचे काम नाही. मुलाचे ऐकणे, ते जसेच्या तसे लिहिणे आणि वेळ न दवडता योग्य ठिकाणी कळवणे हे शाळेचे काम आहे. आधी स्वतःची खात्री करून घेऊ आणि मग पाहू, असे शाळेने ठरवले की दिवस जातात, पुरावे जातात आणि मुलाचा मोठ्यांवरचा विश्वासही जातो.

कायदा काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, ज्याला आपण सगळे पॉक्सो म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. अकरावी-बारावीतील विद्यार्थीही त्यात येतात, आणि त्यांच्या ‘संमती’ला हा कायदा मान्यता देत नाही. कलम १९ प्रमाणे, असा अपराध घडल्याची माहिती किंवा घडण्याची आशंका असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या कर्मचाऱ्याने केलेला अपराध संस्थाप्रमुखाने दडवला, तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. दुसरीकडे, सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम १९ मध्येच लिहिले आहे. ‘उगाच आपल्यावर शेकेल’ या भीतीने गप्प बसणाऱ्या शिक्षकांनी ही तरतूद स्वतः वाचावी.

याचे आपल्या जवळचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील आहे. तेथील एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराची माहिती असूनही ती कळवली नाही, असा आरोप एका डॉक्टरांवर होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि अपराधाची माहिती तत्परतेने व योग्य रीतीने कळवणे अत्यंत महत्त्वाचे आहे, असे बजावले. त्याच्या एक वर्ष आधी, १८ नोव्हेंबर २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने याच खंडपीठाचा आणखी एक निकाल रद्द केला होता. कपड्यांवरून केलेला स्पर्श, त्वचेचा त्वचेशी संबंध आला नसेल तर, पॉक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असे त्या निकालात म्हटले होते. महत्त्व हेतूला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे घडले ते ‘तेवढे गंभीर’ होते की नाही, हे शाळेच्या कार्यालयात ठरवायचे नाही.

मारहाणीबाबत कायदा तितकाच स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. ‘पालकांनीच मारायला सांगितले आहे’ हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. वर्गासमोर जातीवरून, वजनावरून किंवा थकलेल्या फीवरून मुलाला बोलणे हाही छळच आहे, आणि माझ्या मते छडीपेक्षा त्याची जखम खोल जाते.

शाळा उघडण्याआधी

पहिले काम म्हणजे जबाबदार व्यक्ती ठरवणे. प्रत्येक शाळेत बालसंरक्षणासाठी एक शिक्षक आणि एक पर्यायी शिक्षक नावानिशी नेमावेत. दोघांपैकी किमान एक महिला असावी, आणि त्यांची नावे प्रत्येक वर्गात लावावीत. राज्य शासनाच्या मार्च २०२२ च्या निर्णयानुसार शाळा, केंद्र आणि तालुका किंवा शहर अशा तिन्ही स्तरांवर विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. समिती कागदावर असली तरी मुलाला समितीकडे जाता येत नाही, त्याला ओळखीचे माणूस लागते.

दुसरे काम दूरध्वनी क्रमांकांचे. बाल हेल्पलाइन १०९८, पोलीस ११२, सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक सर्वत्र चालतात. त्यांच्याखाली आपल्या ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) आणि महिला व मुलांना मदत करणारा शहर पोलिसांचा भरोसा सेल यांचे क्रमांक लिहावेत. अधिकारी बदलतात, म्हणून जूनमध्ये प्रत्येक स्थानिक क्रमांक लावून पाहावा आणि बोलणाऱ्याचे पद विचारून घ्यावे.

तिसरे काम पडताळणीचे. पॉक्सो नियम, २०२० प्रमाणे मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी शाळेने ठरावीक काळाने करायची असते. बदलापूरच्या घटनेनंतर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी काढलेल्या निर्णयात सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर भर दिला आहे. पडताळणीच्या यादीत कायम शिक्षक असतातच. सुटतात ते कंत्राटी सुरक्षारक्षक, सफाई कामगार, स्वयंपाकी-मदतनीस, कराटे शिकवायला येणारे प्रशिक्षक आणि गॅदरिंगच्या वेळी महिनाभर नाच बसवायला येणारे लोक. तरीही पडताळणीचा दाखला फक्त पूर्वीची नोंद सांगतो. म्हणून बंद खोलीत एकटे मूल आणि एकटी मोठी व्यक्ती अशी वेळच येणार नाही, अशी रोजची व्यवस्था अधिक मोलाची. जादा तास दार उघडे ठेवून घ्यावेत, लहान मुलांना स्वच्छतागृहात नेण्याचे काम महिला मदतनिसांकडे असावे आणि तपासलेल्या वह्या आणायला एकट्या मुलीला स्टाफरूममध्ये पाठवू नये.

इमारतीची पाहणी मुलांना सोबत घेऊन करावी. पाचवीतील दोन आणि आठवीतील दोन मुले-मुली घेऊन संपूर्ण शाळेला एक फेरी मारावी आणि ‘तुम्ही कुठे जायचे टाळता?’ एवढेच विचारावे. पाण्याच्या टाकीमागची बोळ, कडी न लागणारे स्वच्छतागृह, मोठी मुले अडवून उभी राहतात तो जिना, शाळा सुटल्यावर रिकामा राहणारा मागचा वर्ग, ही ठिकाणे मुलांना तोंडपाठ असतात. त्यांनी दाखवलेली प्रत्येक जागा वहीत लिहून तिच्यासमोर दुरुस्तीची तारीख टाकावी. कडी बसवायला थोडाच खर्च येतो, पण ती नसल्यामुळे मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे अनेक शाळांना ठाऊकच नसते.

कॅमेऱ्यांबाबत दोन गोष्टी पक्क्या असाव्यात: चित्रीकरण कोण पाहते आणि ते किती दिवस टिकते. बहुतेक यंत्रांत जुने चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. त्यामुळे तक्रार आली की त्या दिवसाचे चित्रीकरण वेगळे जतन करणे हे पहिल्या तासातच करायचे काम आहे. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर लावली, तर तिच्यात कोणी चिठ्ठी टाकणार नाही. ती येण्याजाण्याच्या वाटेवर, पण कार्यालयातून न दिसणाऱ्या जागी असावी. दर आठवड्याला दोघांनी मिळून ती उघडावी आणि ‘स्वच्छतागृहाची तक्रार आली होती, काम झाले’ असे परिपाठात नावाशिवाय सांगावे. पेटी कोणी वाचते, हे मुलांना कळल्याशिवाय गंभीर चिठ्ठी येत नाही.

वाहतुकीकडे नागपूरने विशेष लक्ष द्यायला हवे, कारण येथील मुले मोठ्या संख्येने ऑटो आणि व्हॅनने शाळेत येतात. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते, आणि नागपूर खंडपीठाने शालेय बस अपघाताची स्वतःहून दखल घेऊन या विषयावर जनहित याचिका चालवली आहे. ‘व्हॅन पालकांनी लावली आहे, आमचा संबंध नाही’ असे म्हणून शाळेने मोकळे होऊ नये. प्रत्येक वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव, मुलांची यादी आणि सगळ्यात शेवटी उतरणारे मूल कोणते, एवढी माहिती शाळेकडे हवीच. शेवटचे मूल एकटे राहते, म्हणून तिथे मार्ग उलटा करता येतो का किंवा महिला सोबत देता येते का, हे पालकांबरोबर बसून ठरवावे.

हजेरीपट वाचणे

कोणतेही एक लक्षण म्हणजे अत्याचाराचा पुरावा नव्हे. पण वागण्यात अचानक पडलेला फरक, ठरावीक तासाला किंवा ठरावीक वारी पोटात दुखणे, घरी जायला नको म्हणणे, डबा न आणणे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा स्वेटर न काढणे, अशा गोष्टी एकत्र लिहिल्या की चित्र दिसू लागते. हे लिहायला सर्वांत चांगली जागा हजेरीपटाशेजारची साधी वही आहे. सलग गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी फोन आणि पाचव्या दिवशी गृहभेट, असा नियम शाळेने स्वतःसाठी करावा.

काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या तोडीचा हंगाम असो किंवा वीटभट्ट्यांचा, आईवडिलांबरोबर मुले गावाबाहेर जातात. अशा वेळी नाव कमी करण्यापेक्षा मूल कोणत्या गावी गेले, हे विचारून तेथील शाळेला कळवावे. नववी-दहावीतील मुलगी लगीनसराईत येईनाशी झाली, तर उशीर अजिबात करू नये. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ प्रमाणे मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण असावे लागते. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि १०९८ वर फोन करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते. लग्न लागल्यानंतर उपाय फार अवघड होतात, लग्नाआधी मात्र एका फोनने ते थांबू शकते.

मूल बोलू लागते तेव्हा

मूल बहुधा आधी एखादे छोटे वाक्य बोलून पाहते. ‘मॅडम, उद्यापासून मी व्हॅनने येणार नाही.’ ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, यावर पुढचे वाक्य येणार की नाही, हे ठरते. तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी, व्हरांड्याच्या कडेला किंवा दार उघडे असलेल्या रिकाम्या वर्गात मुलाच्या बाजूला बसावे. समोर टेबल नको. ‘बरे केलेस सांगितलेस’, ‘यात तुझी काही चूक नाही’ आणि ‘मी ऐकते आहे, सावकाश सांग’, एवढी वाक्ये पुरेशी आहेत.

प्रश्न विचारायचाच असेल तर मोकळा विचारावा: ‘मग काय झाले?’ ‘त्यांनी तुला इथे हात लावला का?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्यात उत्तर आपण मुलाच्या तोंडी घालतो आणि पुढे न्यायालयात मुलाची बाजू त्यामुळेच दुबळी होते. ‘तू आधी का नाही सांगितलेस?’ हा प्रश्न तर कधीच नको. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी सरळ सांगावे: ‘तुला मदत करण्यासाठी मला हे एक-दोन माणसांना सांगावे लागेल. ते कोण, हे मी तुला आधी सांगेन.’ मुलाला मुख्याध्यापकांसमोर, मग संस्थाचालकांसमोर, मग समितीसमोर पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावणे ही क्रूरता आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यासमोर मुलाला उभे करणे तर कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही.

दिव्यांग मुलांबाबत अधिक सावध राहावे. नीट बोलता न येणारे मूल चित्रातून, खुणांतून, कधी फक्त एखाद्या माणसाला पाहून आक्रसून सांगते. अशा वेळी त्याची भाषा जाणणाऱ्या विशेष शिक्षकाची मदत घ्यावी, आणि पुढे पोलिसांकडेही तशी मदत मागावी. कायद्यात त्याची तरतूद आहे.

नोंद कशी लिहावी

मूल गेल्यावर लगेच, त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने लिहावे. ‘मुलगी घाबरलेली होती, व्हॅनचालकाने गैरवर्तन केल्याचे दिसते’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण त्यात मुलीचे काहीच नाही, सगळे शिक्षकाचे अनुमान आहे. उपयोगी नोंद अशी असते: ‘सोमवार, सकाळी ११.२०, मधल्या सुट्टीनंतर. वर्ग ४ ब च्या बाहेर. ती स्वतःहून जवळ आली. म्हणाली, “काका मले पुढच्या सीटवर बसवते. बाकीचे उतरल्यावर गाडी थांबवते.” मी विचारले, “मग काय झाले?” ती गप्प राहिली, ओढणीचे टोक चावत होती. मग म्हणाली, “मले नाही आवडत.” मी आणखी प्रश्न विचारले नाहीत.’ मुलीने ‘मले’ म्हटले असेल तर ‘मला’ असे सुधारू नये. तिने सांगितलेले शब्द, आपण विचारलेला प्रश्न आणि आपल्याला दिसलेले, हे तिन्ही वेगळे ठेवावे. अनुमान लिहायचेच असेल तर शेवटी, ‘माझे मत’ असे म्हणून लिहावे. खाली नाव, सही, तारीख आणि वेळ. कच्चा कागद पक्का केल्यावर फाडू नये, दोन्ही जोडून ठेवावेत. शरीरावरील खुणा मुलाने आपणहून दाखवल्या तर त्यांचे वर्णन लिहावे, फोनवर छायाचित्र घेऊ नये.

कळवणे

त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. संस्थेच्या बैठकीची, सचिवांच्या परवानगीची किंवा पालकांच्या होकाराची वाट पाहायची नाही. शिक्षकाने मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले, असेही नाही. मुख्याध्यापक टाळाटाळ करत असतील किंवा आरोप त्यांच्यावरच असेल, तर शिक्षकाने थेट कळवावे. लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. हद्दीच्या कारणावरून कोणतेही ठाणे नोंद नाकारू शकत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. शाळेने शिक्षणाधिकाऱ्यांनाही चोवीस तासांत कळवावे.

पालकांना बोलावून, बसवून, शांतपणे सांगावे. मात्र संशय घरातल्याच व्यक्तीवर असेल, तर आधी पोलिसांशी किंवा बालकल्याण समितीशी बोलावे आणि मुलाला त्या दिवशी घरी पाठवायचे का, हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. नुकतीच घटना असेल तर कपडे धुऊ नयेत, असे पालकांना सांगावे आणि नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांपैकी एकात मुलाला न्यावे. तातडीच्या उपचारांसाठी डॉक्टर आधी पोलिसांचे पत्र मागू शकत नाहीत, असे २०२० चे नियम सांगतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. त्यामुळे पोलीस गाडी मैदानात आणि मूल सगळ्यांच्या देखत गाडीत, असे दृश्य शाळेने होऊ देऊ नये.

आरोप कर्मचाऱ्यावर असेल तर त्याला त्याच क्षणी मुलांपासून दूर करावे. राजीनामा घेऊन त्याला गुपचूप जाऊ देणे म्हणजे पुढच्या शाळेतील मुलांना धोक्यात टाकणे आहे. आरोप दुसऱ्या विद्यार्थ्यावर असेल तर तोही बालक आहे हे विसरू नये. त्याचा निर्णय बाल न्याय मंडळ करते. मुलाचे नाव, वर्ग, पत्ता किंवा छायाचित्र कोणत्याही रूपात बाहेर जाऊ नये. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘काळजीपोटी’ टाकलेला एक संदेशही मुलाची ओळख गल्लीभर करतो.

दादागिरी, मोबाइल आणि मनावरचा ताण

सगळ्याच गोष्टी पोलिसांपर्यंत जात नाहीत. डबा हिसकावणे, टोपणनावे, गटाबाहेर टाकणे, वर्गातल्या मुलीचे छायाचित्र बदलून पसरवणे, यांतले शेवटचे गुन्हाच आहे आणि त्यासाठी सायबर पोलिसांकडे जावे. बाकीच्यांत शाळेने त्रास देणाऱ्या आणि सोसणाऱ्या मुलाशी वेगवेगळे बोलावे. दोघांना समोरासमोर आणून हात मिळवायला लावल्याने त्रास फक्त मधल्या सुट्टीतून शाळेबाहेर सरकतो. 

एखादे मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले किंवा लिहिले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये, पालकांच्या हाती प्रत्यक्ष सोपवावे, टेलिमानसवर त्याच दिवशी बोलून घ्यावे आणि मेडिकलच्या मनोविकार विभागात दाखवण्याचा आग्रह धरावा.

घटनेनंतरचे महिने

गुन्हा नोंदवल्यावर शाळेचे काम संपले, असे समजणाऱ्या शाळेतून मूल काही दिवसांत नाहीसे होते. दाखला काढून नेण्याचा सल्ला पालकांना देऊ नये. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि त्यापुढेही पीडित मुलालाच शाळा बदलायला लावणे अन्यायाचे आहे. मुलाला कुठे बसायचे आहे, कोणत्या शिक्षकांना किती माहिती द्यायची, हे त्यालाच विचारावे. न्यायालयाच्या तारखांना गैरहजेरी लावू नये, चाचण्या पुन्हा घ्याव्यात आणि खटल्याच्या काळात मुलाला आधार देण्यासाठी बालकल्याण समितीने नेमलेल्या साहाय्यक व्यक्तीशी एकाच शिक्षकाने संपर्क ठेवावा.

आर्थिक मदतीची माहिती पालकांना बहुधा नसते. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांसाठी मनोधैर्य योजनेची मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. आईवडिलांपैकी एक किंवा दोन्ही नसलेल्या, किंवा गंभीर आजारामुळे घर सांभाळू न शकणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्याचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा असतो. अर्ज भरायला शिक्षकाने अर्धा तास बसून मदत केली, तर अनेक मुलांची शाळा सुटणार नाही.

या सगळ्या नोंदी कुलूपबंद कपाटात, मुलाच्या प्रगतिपुस्तकापासून वेगळ्या ठेवाव्यात आणि किल्ली दोघांकडेच असावी. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत बदल्या होतच असतात. त्यामुळे प्रभार देताना संरक्षणाच्या फायलींची वेगळी यादी करावी, नव्या मुख्याध्यापकांबरोबर ती एकेक करून वाचावी, कोणत्या मुलाकडे सध्या लक्ष ठेवायचे आहे हे तोंडी सांगावे आणि यादीवर दोघांनी तारखेसह सही करावी.